पुढचं चाक हवेत

काकांनी मोटरसायकलचं पुढचं चाक पहिल्यांदा हवेत नेलं ते एका रविवारी सकाळी, इमारतीच्या पार्किंगमध्ये, आणि तेही एका कुंडीवर. कुंडी सिमेंटची होती, चांगली कमरेएवढी. मागून वॉचमननं गाडी धरली होती, बाजूनं दूधवाल्यानं खांदा लावला होता, आणि काका दोन्ही फूटरेस्टवर ताठ उभे राहून रोज हेच करत असल्यासारखे समोर बघत होते. फोटो बायको काढत होती. कुंडी दिसू नये म्हणून मध्ये एक स्कूटर आडवी लावली होती आणि बाई जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून पालथी पडली होती. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली बाई नवऱ्यासाठी अशी पालथी पडते, तेव्हा एक तर तिचं प्रेम फार असतं किंवा तिला भावाची जिरवायची असते. इथं दुसरं होतं.

भाऊ म्हणजे काकांचा मेव्हणा. त्यानं चव्वेचाळिसाव्या वर्षी लाल रंगाची स्पोर्ट मोटरसायकल घेतली होती आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नव्हता. त्या गाडीवर म्हणे टाकीवर झोपून बसावं लागतं. सवयीनं तो जेवणाच्या टेबलावरही तसाच बसायला लागला होता. भाजी आणायला जाताना चामड्याचं जाकीट घालायचा आणि कोथिंबिरीची जुडी जाकिटाच्या आत, छातीशी धरून आणायचा. गेल्या आठवड्यात त्यानं चारचौघांत काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की भाऊजी, तुमच्या वयाला आणि स्वभावाला आपली स्कूटरच बरी.

वय एक्कावन्न होतं, त्याला इलाज नव्हता. पण स्वभावावर जाणं जरा जास्तच झालं. कारण काका म्हणजे पंचक्रोशीतला एक नंबरचा खोडकर माणूस. 'ही लिफ्ट आता आवाजावर चालते, कृपया आपला मजला मोठ्यानं सांगावा' अशी पाटी लिफ्टमध्ये त्यांनीच लावली होती आणि दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर चार दिवस लिफ्टला दरडावत होते. पाचव्या दिवशी घसा पार बसला तेव्हा ते म्हणाले की आता ती माझा आवाज ओळखायला लागली होती हो.

नोकरीत मात्र काका वेगळेच. ते गाडीच्या लायसन्सची परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर होते आणि परीक्षेच्या मैदानावर त्यांच्या तोंडून कधी विनोद निघाला नव्हता. पांढऱ्या रेषा, प्लॅस्टिकचे सुळके, आठच्या आकड्याची वाट, आणि हातात फॉर्म. पाय जमिनीला लागला की नापास. बावीस वर्षांत गावातला निम्मा माणूस त्यांनी एकदा तरी नापास केला होता. स्वतःच्या बायकोला दोनदा.

तर फोटो निघाला, छान निघाला, आणि काका खाली उतरणार एवढ्यात तळमजल्यावरची दातांची डॉक्टर हातात हेल्मेट घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिनं आधी कुंडीकडे बघितलं, मग काकांकडे, मग वर्तमानपत्रावरच्या काकूंकडे.

"कुंडी कुणाची का असेना," ती शांतपणे म्हणाली, "गाडी माझी आहे."

दूधवाल्याला त्याच क्षणी आठवलं की अजून बराच रतीब घालायचा आहे.

फोटो मेव्हण्याला गेला आणि दोन मिनिटांत त्याचा फोन आला. काकांना वाटलं होतं तो चिडेल, जळेल, निदान दोन दिवस जाकीट घालणार नाही. पण मेव्हणा फोन लावेपर्यंत फोटो सासूबाईंनी बघितला होता. सासूबाई मेव्हण्याकडेच राहायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी या जावयाचं वर्णन 'गरीब आहेत हो' एवढ्या तीन शब्दांत आटोपलं होतं. काकांची एकही खोडी त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती, कारण लेकीनं पोचू दिली नव्हती. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला, चष्मा पुसून परत बघितला, आणि जाहीर केलं की पाच आठवड्यांनी माझा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, मला दुसरं काही नको, जावईबापूंनी हे माझ्यासमोर करून दाखवावं.

मेव्हण्याला संशय आलाच होता. तो संध्याकाळी स्वतः टाइप केलेलं हमीपत्र घेऊन आला. त्यात असं होतं की सासूबाईंसमोर पहिल्या पांढऱ्या रेषेपासून पंधरा मीटरवरच्या दुसऱ्या रेषेपर्यंत, गाडीवर उभं राहून, पुढचं चाक हवेत ठेवून काका जातील, आणि दुसरी रेषा ओलांडेपर्यंत पाय जमिनीला लागणार नाही. जमलं तर मेव्हणा वर्षभर चामड्याचं जाकीट घालून काकांच्या जुन्या स्कूटरवरून ऑफिसला जाईल. नाही जमलं तर काका यापुढे हयातभर कुणाचीही, कुठलीही, लहान किंवा मोठी खोडी काढणार नाहीत.

काकांनी ते दोनदा वाचलं. हयातभर हा शब्द तीनदा वाचला. दुसऱ्या माणसानं कुंडीचं सांगून टाकलं असतं, चार लोक हसले असते आणि विषय संपला असता. पण मेव्हणा समोर टेबलावर झोपून हसत होता. काकांनी सही केली. तो गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही खोड्या काढल्या नाहीत तर आपण दोघं दिवसभर बोलणार कशावर?"

दुसऱ्या दिवशी काका तळमजल्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई दर रविवारी कुठल्याशा बंद मैदानावर जाऊन गाडीचं चाक उचलते, हे वॉचमनकडून सगळ्या इमारतीला माहीत होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून मान आखडते, म्हणून आठवड्यातून एकदा आभाळ बघते, असं ती सांगायची. तिनं काकांचं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीकडे बोट दाखवलं. तीन वर्षांपूर्वी तिनं काकांची खालची डावी दाढ काढायला सांगितली होती आणि तेव्हापासून काका दवाखान्यासमोरून जाताना मोबाइल कानाला लावत होते. ती म्हणाली की आधी दाढ, मग व्हीली, म्हणजे ते चाक उचलणं. जो माणूस दाढेला घाबरतो तो बॅलन्स पॉइंटला, चाक हवेत तोललं जातं तिथं, काय उभा राहणार.

"दुखेल?"

"नाही दुखणार."

ती दुखणार नाही हे ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात ती पुढं पाच आठवडे सगळं म्हणत राहिली.

आता मैदान. परीक्षेचं मैदान रविवारी रिकामं असतं, पण ते सरकारी. वापरायचं तर तीन प्रतींत अर्ज. काकांनी रीतसर अर्ज टाकला. तो आवक टेबलावर गेला, शिक्का बसला, आणि 'संबंधित इन्स्पेक्टर' म्हणून तिसऱ्या दिवशी काकांच्याच टेबलावर आला. काका कामात होते. त्यांनी कारणाच्या रकान्यात 'व्हीलीचा सराव' वाचलं, त्यांचं डोकं सणकलं, आणि लाल पेनानं लिहिलं: सदर प्रकार धोकादायक व नियमबाह्य आहे, अर्जदारास समज द्यावी, नामंजूर. डबा खाताना लक्षात आलं की अर्जदार आपणच. त्यांना वाईट वाटलं. निदान समज द्यावी हे लिहायला नको होतं.

दुसऱ्या अर्जात त्यांनी 'वैयक्तिक सराव' एवढंच लिहिलं. तो टेबलावर आला तेव्हा आपला आहे हे माहीत असूनही त्यांचा हात थांबेना. कशाचा सराव, खुलासा करावा. अर्ज परत. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि लिहिलं, 'वाहनाच्या पुढील चाकाची जमिनीपासूनची उंची तपासणे'. याला ऑफिसचा वास होता. त्यांनी शिफारस केली, मोठ्या साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली, आणि वर विचारलं की हे काम आपण दरवर्षी का करत नाही?

पहिला रविवार वायाच गेला, कारण दाढ शनिवारी निघाली होती आणि सुजलेल्या गालामुळे हेल्मेट डोक्यात शिरेना. दुसऱ्या रविवारी डॉक्टरबाईनं समजावून सांगितलं. डाव्या हाताचं एक बोट क्लचवर. उभं राहून गाडी पुढच्या बाजूला दाबायची, ती उसळी मारून वर येते तेव्हा थोडी रेस द्यायची आणि क्लच पटकन सोडायचा. चाक वर. उजवा पाय कायम मागच्या ब्रेकवर, कारण मागं उलटतोय असं वाटलं तर तोच ब्रेक खाली आणतो. वर जायला क्लच, खाली यायला ब्रेक.

काकांना यातला ब्रेक फार आवडला. बावीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, ब्रेकवर पाय ठेवा, ब्रेकवर पाय ठेवा. त्यामुळे चाक चार बोटं वर गेलं रे गेलं की काकांचा पाय त्यांना न विचारता ब्रेक दाबायचा. चाक खाली. परत क्लच, परत चार बोटं, परत ब्रेक. लांबून बघणाऱ्याला वाटावं की गाडीला कुणीतरी काहीतरी विचारतंय आणि ती हो हो म्हणत मान डोलावतेय.

"काका, तुमचा ब्रेक फार सुंदर आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "आता थांबवण्यासारखं काहीतरी होऊ द्या."

लांबून बघणारा होता. मैदानाच्या भिंतीपलीकडे बेकरी होती आणि बेकरीवाला भट्टी तापेपर्यंत भिंतीवर येऊन बसायचा. या माणसाला काकांनी सहा वेळा नापास केलं होतं. सहाही वेळा पाय. आठच्या आकड्याच्या दुसऱ्या वळणाला त्याचा डावा पाय आपोआप खाली यायचा, आणि अजूनही तो पाव सायकलवरून पोचवत होता. त्यानं त्या रविवारी पिठाच्या हातांनी डोळे चोळले आणि परत बघितलं. आपल्याला सहा वेळा पाडणारा साहेब गाडीवर उभा होता, गाडी मान डोलावत होती, आणि दर दहा हातांवर साहेबांचा डावा पाय जमिनीला लागत होता.

"साहेब, पाय," तो भिंतीवरून म्हणाला.

पुढच्या रविवारी भिंतीवर नऊ जण होते. शिंपी, फुलवाली, शाळेतले गाण्याचे मास्तर, एकापेक्षा एक नापास. कुणी थर्मास आणला होता. कुणीतरी ऑफिसचा कोरा फॉर्म मिळवला होता आणि बेकरीवाला तो मांडीवर ठेवून भरत होता. काका दर फेरीला त्यांच्यासमोरून जायचे तेव्हा भिंतीवर अदबशीर शांतता पसरायची, आणि फेरी संपली की पेनाचा आवाज. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की तो आवाज उमेदवाराला किती लांबून ऐकू येतो.

सल्ले तर विचारू नका. हेडमास्तरांनी गुरुत्वमध्य समजावला आणि सांगितलं की तोल ही पायांची गोष्ट नाही, बेंबीची आहे. घरी दोन स्टुलांवर एकेक पाय ठेवून, हातात झाडू हँडलसारखा धरून रोज अर्धा तास उभं राहावं. काका उभे राहिले. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं त्यांना तसं बघितलं, सिलिंडर दारातच ठेवला आणि सही न घेता गेला. शिंप्यानं आपणहून पँटला मागून तीन थर कापूस शिवून दिला. मनात काही नाही साहेब, म्हणाला, मी चारदाच नापास झालोय. पँट घालून काका ऑफिसला गेले तर खुर्चीवर नेहमीपेक्षा चांगले चार बोटं उंच बसले आणि मोठ्या साहेबांनी त्यांना चुकून नमस्कार केला.

कापूस चौथ्या रविवारी कामी आला. डॉक्टरबाईनं त्या दिवशी काकांच्या पायाला ब्रेकपासून लांब राहायची सक्त ताकीद दिली होती. काकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. क्लच सुटला, चाक उठलं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि ब्रेक दाबायचा खरा क्षण आला तेव्हा पाय आज्ञाधारकपणे लांबच राहिला. काका मागच्या मागे उतरले. उतरले म्हणजे आधी चार पावलं धावले, मग बसले, मग बसल्या बसल्या थोडे पुढे गेले. गाडी मात्र थांबली नाही. ती मोकळी झाल्यासारखी दोन सुळक्यांच्या मधून सरळ गेली, वळणावर कलली, आणि पार्किंगच्या आखलेल्या चौकोनात जाऊन आडवी पडली. आडवी, पण चारही रेषांच्या आत.

भिंतीवरच्या सगळ्या माना गाडीकडे वळल्या. मग बेकरीवाल्यानं विचारलं, "साहेब, गाडीला पास करायचं का?"

काकांनी हेल्मेट काढलं. कानशिलं तापली होती. डॉक्टरबाई आधी गाडीकडे गेली, मग त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, आ करा. दात जागेवर होते. मग तिनं विचारलं की वर असताना काय दिसलं?

काकांनी खरं काय ते सांगितलं. रस्ता दिसला नाही. रेषा दिसली नाही, सुळका दिसला नाही. नुसतं आभाळ आणि त्याच्या कोपऱ्यात बेकरीच्या गच्चीवर वाळत घातलेला एक टॉवेल. आणि पोटात असं काहीतरी झालं की... काकांनी वाक्य सोडून दिलं. एक्कावन्नाव्या वर्षी गुदगुल्या झाल्या म्हणायला बरं दिसत नाही.

"परत?" ती म्हणाली.

"परत," काका म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन वेळा चाक उचललं आणि तिन्ही वेळा ब्रेकनं अलगद खाली ठेवलं. सर्वांत लांब गेलं ते अकरा मीटर. भिंतीवरचे लोक उठून उभे राहिले होते आणि फुलवालीनं बेकरीवाल्याच्या हातातला फॉर्म काढून घेतला होता.

वाढदिवस आला. सासूबाईंसाठी मैदानाच्या मधोमध खुर्ची मांडली होती. मेव्हणा जाकीट घालून, टेप घेऊन, स्वतः पंधरा मीटर मोजून रेषा मारत होता. परीक्षक कोण, यावर वाद होणार हे दिसतच होतं. तेव्हा मेव्हणा भिंतीकडे गेला, साहेबांनी सर्वांत जास्त वेळा कुणाला नापास केलंय असं विचारलं, आणि बेकरीवाल्याला खाली उतरवून त्याच्या हातात फॉर्म दिला. मेव्हण्याला वाटलं, आता झालं काम. बेकरीवाल्यानं अॅप्रन झटकला आणि ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

काकांनी सासूबाईंकडे बघून मान लववली. डॉक्टरबाई म्हणाली, नाही दुखणार. गाडी निघाली, पहिली रेषा आली, काका उभे राहिले, दाबलं, सोडलं, आणि पुढचं चाक असं वर गेलं की सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. पाच मीटर. आठ. काका ताठ, बेंबी जागेवर, पाय ब्रेकवर पण दाबलेला नाही. बारा. मेव्हण्याचा चेहरा काकांच्या जुन्या स्कूटरसारखा पांढराफटक झाला होता. आणि तेराव्या मीटरला, दुसरी रेषा जवळ आली आहे हे बघून, बावीस वर्षं रोज चाळीस माणसांना जे शिकवलं ते काकांच्या अंगातून आपोआप बाहेर आलं. थांबायच्या रेषेपूर्वी चालकानं हातानं इशारा द्यावा. काकांनी उजवा हात सोडला, बाजूला लांब केला, आणि वेग कमी करतोय म्हणून शिस्तीत खालीवर हलवला.

रेस गेली, चाक दाणकन आपटलं. पण आपटलं ते बरोबर रेषेवर. गाडी हेलकावली, धूळ उडाली, काका कसेबसे सावरले आणि रेषेपलीकडे जाऊन उभे राहिले. भिंत उसळली. सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. गाण्याच्या मास्तरांनी मेव्हण्याला मिठी मारली, ती बहुतेक चुकून.

बेकरीवाला फॉर्म घेऊन आला. सगळे रकाने भरले होते. उभं राहून, होय. चाक हवेत, होय. रेषेपर्यंत, होय. एक रकाना राहिला होता. तो उजवीकडे होता, धूळ होती, डावी बाजू त्याला दिसली नव्हती. कुणालाच दिसली नव्हती.

"साहेब," त्यानं हळूच विचारलं, "पाय लागला?"

काकांनी आयुष्यात लिफ्टला बोलायला लावलं होतं, कुंडीवर फोटो काढला होता, मोठ्या साहेबांचं घड्याळ चौदा मिनिटं पुढं ढकलून अख्खं ऑफिस लवकर सोडवलं होतं. नाही हा एवढासा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. मेव्हणा समोर होता. हमीपत्रातलं हयातभर समोर होतं. पण फॉर्म तोच होता, त्या रकान्याचा, आणि धरणारा माणूस सहा वेळा त्याच रकान्यावर घरी गेलेला होता.

"लागला," काका म्हणाले. "डावा. रेषेच्या वीतभर आधी."

 बेकरीवाल्यानं या शब्दासाठी किती वर्षं वाट बघितली असेल, आणि आता त्याचं पेन चालेना. त्यानं दोनदा पेन झटकलं. मग लिहिलं.

"सॉरी साहेब."

"सॉरी म्हणायचं नसतं. पुढचा उमेदवार, असं म्हणायचं," काका म्हणाले, आणि हेल्मेट काढून खाली बघत उभे राहिले.

सासूबाई त्यांच्याजवळ आल्या. "जावईबापू, वीतभराचं कुणी सांगतं का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसानंतर 'गरीब आहेत हो' हे त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. पण हमीपत्रात सासूबाईंचं मत विचारात घ्यायची सोय नव्हती. मेव्हण्यानं ते जाकिटाच्या आतल्या खिशातून काढलं, सगळ्यांना दाखवलं, आणि परत ठेवलं.

काकांनी शब्द पाळला. अगदी पाळला. दुसऱ्या दिवसापासून काका हा एक सभ्य, सरळ, कंटाळवाणा माणूस झाला. लिफ्टमध्ये लिफ्टसारखे उभे राहायचे. डॉक्टरबाईबरोबर रविवारी मैदानावर मात्र जायचे, त्याला खोडी म्हणता येत नव्हतं.

मेव्हणा पहिले चार दिवस मजेत होता. पाचव्या दिवशी काका सहज त्याच्याकडे गेले, खुशाली विचारली, चहा प्यायले आणि आले. काही केलं नाही. ते गेल्यावर मेव्हण्यानं साखरेचा डबा हुंगून बघितला. साखर होती. मग तो घाबरला. असा कसा हा माणूस येऊन नुसता चहा पिऊन जातो? त्यानं खुर्च्यांचे पाय तपासले. बूट उपडे करून झटकले. दुसऱ्या दिवशी नळ दुरुस्तीला माणूस आला तर त्याला, तू कुणाचा माणूस आहेस मला माहीत आहे, असं म्हणून दारातून परत पाठवला आणि स्वयंपाकघरात दोन दिवस बादल्या लागल्या. ऑफिसात त्याच्या बदलीचं पत्र आलं, तो मनापासून हसला, भाऊजी आता टायपिंगही शिकले म्हणाला, आणि पत्र फाडून टाकलं. पत्र खरं होतं. ती बदली रद्द करून घ्यायला त्याला साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी सकाळी आला. जाकीट नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यानं बसायच्या आधी सोफा दाबून बघितला आणि मग बसलाच नाही.

"भाऊजी, खरं सांगा. काय लावून ठेवलंय?"

"काही नाही रे."

"ते कळतंय मला. कुठं लावून ठेवलंय?"

काकांनी शपथेवर सांगितलं की काही केलेलं नाही, सही केली आहे. ते शंभर टक्के खरं होतं, आणि मेव्हण्याचा त्यावर एक टक्काही विश्वास बसेना. बहिणीनं समजावलं. तर तो तिच्याकडेही संशयानं बघायला लागला. शेवटी त्यानं हमीपत्र काढलं, त्याचे आठ तुकडे केले आणि काकांच्या हातात ठेवले.

"घ्या. संपलं. आता एकदा काय ती खोडी काढा आणि मला मोकळं करा."

"अशी सांगून काढता येत नाही," काका गरिबासारखे म्हणाले.

मेव्हणा खाली गेला. काका आणि काकू गॅलरीत आले. खाली लाल गाडीभोवती तो दोन प्रदक्षिणा घालून आला, सीट उचलून बघितली, आरशांच्या मागं बघितलं, चावी लावली आणि परत काढली. मग वर तोंड करून म्हणाला की भाऊजी, आधी तुम्ही एक चक्कर मारून दाखवा. काही व्हायचं असेल तर तुमच्यासकट होऊ दे.

काका हेल्मेट घेऊन उतरले. त्यांनी गाडी चालू केली, हात दाखवून निघाले आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. मागे लांबलचक रिकामी वाट होती आणि बघायला कुणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर हेडमास्तर खिडकीत दात घासत होते, तेवढेच. काका उभे राहिले. लाल गाडी हलकी होती, चाक हाताला न लागल्यासारखं वर आलं आणि वरच राहिलं. भिंतीपासून कचराकुंडीपर्यंत, सगळी वाट. इशारा नाही, पाय नाही, पेनाचा आवाज नाही. मग ब्रेकनं त्यांनी ते खाली ठेवलं. हेडमास्तरांच्या तोंडातला ब्रश खाली जास्वंदीत पडला.

गाडी समोर येऊन थांबली. काका उतरले, चावी दिली, हेल्मेट काढलं आणि जरा विचारात पडल्यासारखे पुढच्या चाकाकडे बघत राहिले.

"काय?" मेव्हण्यानं विचारलं.

"काही नाही. एकदम ठीक आहे," काका म्हणाले. दोन पावलं जिन्याकडे गेले, थांबले आणि काळजीनं वळले. "पुढचं चाक तेवढं जरा हलकं लागतंय. गॅरेजमध्ये दाखवून घे."

मेव्हणा तिथंच उकिडवा बसला आणि चाक दोन्ही हातांनी धरून, कान लावून, हळूहळू फिरवायला लागला.